कंट्रोलर अप्पांचं ऑर्किड

कंट्रोलर अप्पांच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसाला अपमान झाल्यासारखं वाटायचं. "या, बसा" म्हणायचे आणि पाणी आणून द्यायचे, ते अर्धा पेला. लातुरात! आमच्याकडं वैरी दारात आला तरी आधी त्याला तांब्याभर पाणी देतात आणि मग भांडतात. बरं, अर्धा पेला देऊन हा गृहस्थ पाहुण्याच्या समोरच उभा राहायचा, त्याच्या घशाकडं बघत. शेवटचा घोट गिळला गेला की रिकामा पेला हातातून काढून घ्यायचे आणि मगच म्हणायचे, "हं, आता बोला. काय काम काढलं?"

आमची दारं समोरासमोर. औसा रोडच्या मागच्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर. नाव माणिकराव सोनकांबळे, पण त्या नावानं हाक मारली तर ते स्वतःसुद्धा वळून बघायचे नाहीत. सारी नोकरी एसटीत गेली, शेवटची कितीतरी वर्षं बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून. त्यामुळं सगळ्या गल्लीचे ते कंट्रोलर आणि तोंडावर अप्पा. मला ते 'बाई' म्हणत, कारण मी शाळेत शिकवते. गेल्या हिवाळ्यात अप्पा गेले. समोरच्या दाराला कुलूप आहे, आणि मला अजून सवय झालेली नाही.

आवाज काय होता माणसाचा! "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे" एवढं म्हटलं की स्टँडवरची भांडणं थांबत. पण अप्पांना अभिमान आवाजाचा नव्हता. त्यांना अभिमान होता तो वेगळ्याच गोष्टीचा. "बाई, आख्ख्या नोकरीत न आलेली गाडी आली म्हणून मी कवाच पुकारली न्हाई. लोक खिडकीशी येऊन भांडायचे, सायेब डाफरायचे, पण गाडी फलाटाला लागल्याबिगर लागली म्हणू न्हाई." हे वाक्य ते बाजारात, लग्नात, दवाखान्यात, कुठंही वापरत. आमच्या ह्यांच्या बदलीची बातमी फुटली तेव्हा मी हौसेनं पेढे वाटले. अप्पांनी पेढा घेतला आणि वाटीत झाकून फळीवर ठेवून दिला. "आर्डर हातात आली का? मग आल्यावर खातो." ऑर्डर यायला इतका उशीर झाला की पेढा मुंग्यांनी खाल्ला. अप्पा म्हणाले, "बगा, मुंग्यांला धीर नव्हता."

अशा माणसाच्या घरात सुजाता वाढली. एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेली. वेणी घालण्यापासून डबा भरण्यापर्यंत सगळं अप्पांनी केलं, आणि तेही वेळापत्रकाबरहुकूम. पोरगी हुशार निघाली, शेतीशास्त्र शिकली, नांदेडला एका कॉलेजात शिकवायला लागली. आणि तिथंच एके दिवशी तिनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मुलगा बालाजी, लोह्याकडच्या शेतकरी घरातला, मराठा. अप्पा बौद्ध. गल्लीतल्या लोकांना वाटलं, जातीवरून रागावले असतील. छे! मी विचारलं तेव्हा अप्पा इतकंच म्हणाले, "जात गेली खड्ड्यात. हजारो लोकांला कोणती गाडी कवा सुटणार ते मी सांगितलं, बाई. माझ्या घरची गाडी सुटली ते मला पानटपरीवाल्यानं सांगितलं."

सुजाताचं म्हणणं, अप्पा नाही म्हणतील ही भीती वाटली, म्हणून आधी सांगितलं नाही. अप्पांचं म्हणणं, मला न विचारता तू माझं उत्तर ठरवलंसच कसं? दोघांचंही खरं होतं आणि दोघंही सारखेच हेकट. अबोला पडला तो पडलाच. मधे निरोप्या म्हणून मी. तिचा फोन मला यायचा, "बाई, अप्पा गोळ्या घेतात ना?" आणि अप्पांचा प्रश्न दाराच्या फटीतून यायचा, "तिकडं पाऊसबिऊस हाय का?" कुणाकडं, ते म्हणायचं नाही.

एका पोळ्याच्या सुमारास नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरनं एक खोकं आणून दिलं. आत पारदर्शक प्लास्टिकची कुंडी, तिच्यात माती नाहीच, नुसते सालीचे आणि कोळशाचे तुकडे, जाड हिरवी पानं आणि लांब दांडीवर जांभळट पांढरी फुलं. अशी फुलं मी फक्त मोठ्या हॉटेलात पाहिली होती. संकरित ऑर्किड. अप्पांनी ती कुंडी उचलली आणि दाराबाहेर, चपलांच्या शेजारी ठेवली. "मला काय करायचं फुलाचं? चार दिसांत वाळून जाईल." मी म्हटलं, ठीक आहे, राहू द्या. संध्याकाळी बघते तर कुंडी आत गेलेली. विचारलं तर म्हणाले, "जिन्यात ऊन येतं. कुणी का पाठवंना, जीव हाय."

फुलं चार दिवसांत वाळली नाहीत, दिवाळीपर्यंत टिकली. मग एकेक करून गळाली आणि नुसती दांडी राहिली. अप्पा म्हणाले, "संपलं." मी तसं सुजाताला सांगितलं. ती म्हणाली, "बाई, ते मेलं नाही. मारलं नाही तर परत फुलतं. अप्पांना सांगा, परत फुललं की मला बोलवा. मी त्याच दिवशी येईन."

"आणि नाही फुललं तर?"

"तर मी समजेन," पोरगी म्हणाली. बाप तशी लेक! मला दोघांच्याही डोक्यात एकेक टपली मारावीशी वाटली. पण निरोप निरोप असतो. मी तो जसाच्या तसा सांगितला. अप्पांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे हे फुललं की ती येणार."

"हो."

"आन न्हाई फुललं तर येणार न्हाई."

"तसंच म्हणाली."

"बरं," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. त्या दिवसापासून त्या घरात दुसरा विषय राहिला नाही.

कुंडी सुजाताच्या खोलीत गेली, पूर्वेच्या खिडकीपाशी. कोवळं ऊन पडद्यातून यायचं तेवढंच. अप्पा मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून शिकले. नळाचं पाणी तिला चालत नाही, आपल्याकडचं बोअरचं तर मुळीच नाही. क्षारानं मुळं करपतात. म्हणून माझ्या एसीच्या नळीखाली त्यांनी बादली लावली. "बाई, एसी चालू ठिवा." मी म्हटलं, थंडीत? "थोडा येळ. तुम्ही स्वेटर घाला." आठवड्यातून एकदा कुंडी त्या पाण्यात बुडवून ठेवायची, मग निथळवायची, मधे पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर कापसानं टिपायचा. मुळं पारदर्शक कुंडीतून दिसतात. चंदेरी झाली की तहान लागली, हिरवी आहेत तोवर हात लावायचा नाही. नर्सरीवाला म्हणाला होता, हे आपल्या हवेत टिकत नाही. अप्पा त्याला म्हणाले, "लातूरच्या हवेत मी टिकलो, तर हे का न टिकंल?"

आणि तरी एक पान पिवळं पडलं. मग दुसरं. मुळं काळी, मऊ. अप्पांची झोप उडाली. पाणी तर मोजून देत होते, मग सडतंय कसं? एका संध्याकाळी त्यांची एसटीतली जुनी दोस्तमंडळी आली होती. शेखमामू, जन्मभर ड्रायव्हर, अप्पांचा जिवाभावाचा माणूस, पाणी प्यायले आणि बोलता बोलता उठून तळाशी उरलेलं पाणी त्यांनी सहज कुंडीत ओतलं. अप्पांच्या डोळ्यांदेखत! आता लातूरकरांना हे सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. ज्या वर्षी आमच्याकडं रेल्वेनं पाणी आलं, ते वर्ष ज्यानं काढलं, तो माणूस पेल्यात उरलेलं पाणी मोरीत टाकत नाही. टाकवतच नाही. जवळचं झाड शोधतो आणि त्याच्या मुळाशी घालतो. हा आमचा संस्कार आहे, पाप टाळणं आहे. येणारा प्रत्येक पाहुणा, मी धरून, त्या खोलीत डोकावून कौतुक करत होता आणि जाता जाता उरलेलं पाणी मायेनं त्या कुंडीला पाजत होता. झाड मरत होतं ते आमच्या चांगुलपणानं.

"मामू, काय केलंस हे!" अप्पा ओरडले. शेखमामूंना कळेना. "अरे पानीच डाला ना, जहर थोडी डाला?" त्यानंतर अर्धा पेला सुरू झाला. उरायलाच नको. शेखमामूंना पहिला अर्धा पेला मिळाला तेव्हा त्यांनी तो हातात धरून पाहिला, टेबलावर तसाच ठेवला आणि म्हणाले, "मानिकराव, अब अपने में पानी नाप के देना शुरू हो गया क्या?" आणि निघून गेले. पुढं बरेच दिवस आले नाहीत. गल्लीत बोलणी सुरू झाली. कुणी म्हणालं, म्हातारा कंजूष झाला. कुणी म्हणालं, ह्या बांडगुळापायी माणसं तोडून राहिला. बांडगूळ म्हटल्यावर मात्र अप्पा चिडत. "बांडगूळ दुसऱ्याचं रगत पितं. हे झाडावर निसतं बसतं, खातं आपलं आपण, हवेतून. कुणाचं काय घेत न्हाई." हे झाडाविषयी बोलताहेत की लेकीविषयी, असा प्रश्न मला कधी कधी पडायचा, पण मी विचारलं नाही.

शेखमामूंकडं शेवटी मीच गेले. सगळं सांगितलं, फुलाचं आणि पोरीचं. मामू कपाळावर हात मारून म्हणाले, "तो गधा ये पहले बोलता नहीं क्या? मैं प्यासा रह लेता!" दुसऱ्या दिवशी धुतलेल्या कोळशाची पिशवी घेऊन हजर. दोघांनी मिळून सडकी मुळं कापली, बुरशी नको म्हणून दालचिनीची पूड लावली, झाड नव्या कोळशात बसवलं. सुजाताला यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी मला ताकीद. "तिनं इच्यारलं तर म्हणा, मला मालूम न्हाई."

थंडी वाढली. रात्री खिडकी थोडी उघडी ठेवायची, गारठ्यानंच दांडी फुटते म्हणे. अप्पा सकाळी कानटोपी घालून त्या पानांच्या बुडाशी भिंग धरून बसायचे. संक्रांतीनंतर एक हिरवं टोक दिसलं. मी आनंदानं म्हटलं, "अप्पा, आली दांडी! सांगू का सुजाताला?" तर मला दटावलं. "मूळबी असंच निघतं. थांबा." ती दांडीच निघाली. वाढली, वाकली, तिच्यावर मण्यांएवढ्या कळ्या धरल्या. मी रोज विचारायची, आता सांगू? रोज तेच उत्तर, "फूल उमलू द्या. कळीला फूल म्हणू न्हाई."

एप्रिल लागला आणि ऊन पेटलं. तुम्ही लातूरचा उन्हाळा पाहिला असेल तर मी काय म्हणते ते कळेल. अप्पांनी ती खोली बंद करून टाकली. खिडक्यांना ओले गोणपाट, दाराला ओला पडदा, खड्यांनी भरलेल्या परातीत पाणी आणि त्यावर कुंडी. कूलर बंदच, त्याचा झोत लागायला नको. सगळ्या घरात गार तेवढी एक खोली, आणि स्वतः अप्पा बाहेर बनियनवर घाम पुसत बसलेले. कळ्या फुगत चालल्या होत्या. पहिली तर आता उघडते की मग, अशी. मला शाळेत लक्ष लागेना. मी तरी कोण लागत होते त्यांची? पण सुटी झाली की आधी त्यांचंच दार वाजवायची.

त्याच सुमारास औशाजवळच्या खेड्यातून अक्का, अप्पांच्या थोरल्या बहीण, आंबे देऊन गेल्या. गावरान, शेप्या जातीचे; कापला की शेपूचा मंद वास येतो. माझ्या दारापर्यंत घमघमाट यायला लागला तेव्हा मी चेष्टेनं म्हटलं, "अप्पा, शुगर वाढंल हं!" ते म्हणाले, "मी कुठं खातो. वाटायला हायेत." पण वाटले काही नाहीत. मी म्हटलं, असू दे, मला काय करायचंय.

मग एके सकाळी दारावर थाप. अप्पा उभे, तळहातावर एक पिवळी पडलेली कळी. "बाई, ही गळाली."

"उन्हानं असेल, अप्पा. बाकीच्या आहेत की."

दुसऱ्या दिवशी आणखी एक गळाली. मग दोन एकदम. न उमलताच पिवळ्या पडायच्या, सुरकुतायच्या आणि परातीत पडायच्या. अप्पांनी सगळं तपासलं. पाणी बरोबर, मुळं ठणठणीत, पानं टवटवीत. कुणी पाणी ओतलं का म्हणून माझी, शेखमामूंची, दूधवाल्याची उलटतपासणी झाली. दूधवाला बिचारा उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता. शेवटी अप्पांनी माणसांना घरात घेणंच बंद केलं. दार किलकिलं करून बोलायचे. जेवण सुटलं. गोळ्यांची आठवण मलाच करून द्यावी लागायची. रोज सकाळी ते दार उघडलं की मी त्यांच्या हाताकडं आधी बघायची आणि मग चेहऱ्याकडं.

शेखमामू म्हणाले, "मानिकराव, फोन कर और बोल दे के फूल आ गया. बच्ची आएगी तो सही. फिर देखेंगे." आमचे हे म्हणाले, हैदराबादहून फुललेली कुंडी मागवू, सारखीच दिसते. अप्पांनी दोघांकडं रोखून पाहिलं. "जी गाडी आली न्हाई, ती पोटच्या पोरीला आली म्हणून सांगू?"

मी म्हटलं, "मग खरं ते सांगा! तिला विचारा, कळ्या का गळताहेत म्हणून. ती शिकलीय त्यातलंच."

"फूल आलं की बोलवायचं, असं ठरलंय. फुलाच्या आधी कसा फोन करू?"

त्या वेळी माझा संयम सुटला. वयाचा मान राखून मी कधी बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. "अप्पा, तुमच्या वेळापत्रकाला आग लागो! तिला फोन न करून फूल वाचत नाही आणि फूल न वाचवून ती येत नाही. पुढच्या वर्षी परत दांडी येईल, पण पुढच्या वर्षाची तुमची काय गॅरंटी? माझी तरी काय? पोरगी नांदेडात आहे, लंडनला नाही. किती कळ्या राहिल्या?"

अप्पा खाली बघून म्हणाले, "एक."

एवढं म्हणून त्यांनी मला आत घेतलं आणि आम्ही दोघंही त्या बंद खोलीच्या दारात उभे राहिलो. दांडीच्या टोकाला एकच कळी, तीही बुडाशी जरा फिकट दिसत होती. अप्पांनी खूप वेळ तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "लावा फोन. तुमच्यावरूनच लावा. माझ्याकडं नंबर न्हाई." नंबर त्यांनी रागानं काढून टाकला होता, हे मला तेव्हा कळलं.

मी स्पीकर लावला. "हॅलो, बाई, बोला," सुजाता म्हणाली. अप्पांनी घसा खाकरला.

"सुजाता. मी बोलून राहिलो."

पलीकडून हळूच, "अप्पा?"

"हाव. कळ्या गळून राहिल्यात."

मी कपाळावर हात मारला. इतक्या दिवसांनी लेकीशी बोलायचं आणि हे! पण लेक तरी कुणाची? तीसुद्धा दवाखान्यातल्या डॉक्टरणीसारखी विचारायला लागली. "किती राहिल्या?"

"एक."

"पाणी कुठलं?"

"एसीचं."

"कूलर समोर आहे?"

"न्हाई."

"मुळं?"

"हिरवीगार. दर सकाळी बघतो."

"मग..." ती थांबली. "अप्पा, खोलीत काही फळं आहेत का? केळी, पेरू, काही?"

मी अप्पांकडं पाहिलं, तर ते पलंगाकडं बघत होते. मी वाकले आणि चादर वर केली. सुजाताच्या पलंगाखाली गव्हाचं काड पसरलेलं, त्यावर आंब्यांची आढी, वरून गोणपाट. त्या गार, बंद खोलीत आंबे मस्त पिकत होते. त्यातला एकही वाटलेला नव्हता.

"आंबे हायेत," अप्पा म्हणाले. "आढी घातलीया. तुझ्या पलंगाखाली."

"अप्पा! अहो, त्यानंच! आंबा पिकताना वायू सुटतो, शेजारचा आंबा त्यानंच पिकतो, आणि त्यानंच ह्याची कळी गळते. खोली बंद, मग तर काय! आधी बाहेर काढा ते." एवढं बोलून ती थबकली. "पण... तुम्हाला तर शुगर आहे. तुम्ही आंब्याला हात लावत नाही."

अप्पा वाकून पलंगाची चादर सारखी करायला लागले.

"कुठले आहेत?"

"अक्काकडचे. शेप्या."

"माझ्या आवडीचे," ती म्हणाली. मला माझे डोळे पुसावे लागले, ते मी पदरानं पुसले, लपवत बसले नाही. मग सुजाता म्हणाली, "अप्पा, फूल यायच्या आधीच आढी घातली?"

"आंबा पिकायला टाइम लागतो," अप्पा म्हणाले. "कवा निघतीस?"

"सकाळच्या गाडीनं."

आंबे आम्ही तेव्हाच बाहेर काढले. सगळा जिना आंब्यांनी भरला, माझ्या दारातून निघायला जागा राहिली नाही. पण उशीर झाला होता. सकाळपर्यंत ती शेवटची कळीही परातीत पडली. मी धास्तावून अप्पांच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांनी दाढी केली होती, पांढरा शर्ट घातला होता, आणि आंब्यांतले डागी निवडून बाजूला काढत बसले होते. "बाई, हा दाबून बगा. झाला का?" एवढंच विचारलं.

दुपारच्या उन्हात सुजाता आली. जिन्यात आंबे ओलांडत वर आली आणि दारात थांबली. अप्पा उभे राहिले. मला वाटलं, आता रडारड होणार. तर अप्पा म्हणतात, "गाडी टायमावर होती?"

"हो."

"बसायला जागा भेटली?"

"भेटली." ती आत गेली. खोलीत त्या बोडक्या दांडीपाशी उभी राहिली, कुंडी उचलून उजेडात धरली आणि मुळांकडं बघत राहिली. "अप्पा, मुळं किती सुंदर ठेवलीत. आमच्या कॉलेजात अशी नाहीत."

"फूल न्हाई ना पण."

"नाही तर नाही." तिनं कुंडी खाली ठेवली आणि बापाच्या खांद्याला डोकं टेकवलं. अप्पांचा हात तिच्या केसांवर गेला, तिथंच राहिला. मी निघावं म्हणून वळले, तोच त्यांचा आवाज आला. "एकटीच आलीस?"

सुजातानं खांद्यावरून डोकं उचललं. "ते खाली आहेत. गेटपाशी. म्हणाले, अप्पांनी तुला बोलावलंय. मला नाही."

"उन्हात उभं केलंस त्याला?"

एवढं म्हणून अप्पा निघाले ते निघालेच. आंबे चुकवत, कठडा धरत, अनवाणी. मे महिन्यातलं लातूर, टळटळीत दुपार, आणि खालचं अंगण सिमेंटचं. मी ओरडले, "अप्पा, चपला!" ऐकतंय कोण? मी त्यांच्या चपला उचलल्या आणि मागं पळाले.

गेटपाशी एक सावळा, उंच तरुण उभा होता. हातात पिशवी, सावलीत सरकायचंही त्याला सुचलं नव्हतं. अप्पांना पाहून त्यानं पिशवी खाली ठेवली, हात जोडले. "जय भीम, मामा."

अप्पा थांबले. त्याच्याकडं बघत राहिले. "जय भीम," म्हणाले. आणि मग पायांचे चटके जाणवले असावेत, एक पाय उचलला, दुसरा टेकवला. बालाजीचं लक्ष त्या पायांकडं गेलं. तो वाकला, स्वतःच्या पायांतल्या चपला काढल्या आणि दोन्ही हातांनी अप्पांच्या पायांपुढं जोडीनं ठेवल्या.

अप्पांनी त्या चपलांकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं, तर मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्यांच्या चपला हातात घेऊन उभी. मग त्यांनी जावयाच्या चपलांत पाय घातले. माप बरंच मोठं होतं. तशाच फटफट वाजवत ते जिन्याकडं आले आणि मला म्हणाले, "बाई, माझ्या चपला जावयाला द्या. पाय पोळून राहिलेत त्याचे."